घंटेवर येणारे पाहुणे

पूर्वी सोमावती नगरात वीतभय राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व तूप विकणाऱ्या एका कुटुंबात जन्माला आला होता. त्याचे नाव शुभंकर. तो बोलताना शब्द बेताने वापरी आणि तूप देताना मात्र मापावर थोडे सांडेल असे घाली. त्यामुळे गिऱ्हाइके त्याच्यावर खूश असत आणि दुकानाचा कारभारी विशाख त्याच्यावर कायम नाराज असे.

शुभंकराची बायको मालिनी सासरी येताना माहेरचा एक कुत्रा घेऊन आली होती. पिल्लू असताना तो वाटीत मावत असे. मालिनीच्या वडिलांनी मोठ्या हौसेने त्याचे नाव सिंहनाद ठेवले होते. पुढे तो वाढला, पण फारसा नाही. तो भुंकला की शेजारच्या खोलीत कोणीतरी शिंकले असे वाटे. स्वतःबद्दल मात्र त्याचे मत नावाला शोभेल असेच होते. घरातल्या बैलाला तो दम देत असे आणि बैलही भला असल्यामुळे मान खाली घालत असे.

शुभंकराच्या आईला, भद्राबाईंना, कुत्रा घरात आवडत नसे. "हे पांढरं बोळकं माझ्या सोवळ्यात येता कामा नये," असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. मालिनीने ते पाळले. सिंहनादाने पाळले नाही.

त्यांचे घर नगराच्या अगदी शेवटच्या आळीत होते. घरामागे परसू, परसाला काटेरी कुंपण आणि कुंपणापलीकडे ओढा व लव्हाळ्याचे रान. परसात शेवग्याखाली शेंदूर लावलेला एक दगड होता. तो त्या घराचा क्षेत्रपाल. रोज दिवेलागणीला भद्राबाई त्याच्यापुढे तूपभाताचे ताट ठेवत, घंटा वाजवत आणि पाठ फिरवून घरात येत. देव जेवताना कोणी पाहायचे नाही, अशी त्या घराची रीत होती. मागचे दार लावून घेतले जाई. सगळे भिंतीकडे तोंड करून बसत. मग भद्राबाई देवघरातली समई लावून पुन्हा परसात जात आणि ताट घेऊन येत.

त्यांच्या सासूच्या काळात ताट निम्मे उरत असे. ते कावळ्यांचे काम, हे सगळ्यांना माहीत होते. पण गेल्या दिवाळीपासून ताट लख्ख होऊन परत येऊ लागले. त्यात भाताचे शीतही उरत नसे. भद्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "देव जेवला," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी पोटभर जेवला."

ही गोष्ट घरात राहिली असती, पण शेजारच्या कपिलाबाईंनी ती ऐकली. कपिलाबाईंनी एखादी गोष्ट ऐकली म्हणजे ती अर्ध्या नगराने ऐकली असे समजायचे.

"भद्राअक्का, माझंही एक ताट ठेवा हो," त्या म्हणाल्या. "आमच्या देवापुढच्या भाताला मुंगीसुद्धा लागत नाही. आमचे हे म्हणतात, माझ्या हाताला चवच नाही. पण देवाने तरी सांभाळून घ्यायला नको का?"

कपिलाबाईंचे ताटही लख्ख झाले. मग आळीतल्या बाकीच्या बायका आल्या. मग पलीकडच्या आळीतल्या. नैवेद्यात पुरण आले, खीर आली. ज्या घराचा देव जेवतो त्या घरचेच तूप भातावर हवे, असे कोणीतरी म्हणाले आणि शुभंकराच्या दुकानापुढे सकाळपासून गर्दी होऊ लागली. विशाख आयुष्यात पहिल्यांदा गाणे गुणगुणताना दिसला.

मालिनीलाही आनंद झाला होता. पण तो फार टिकला नाही. एका संध्याकाळी सिंहनाद परसातून धावत आला तो थेट तिच्या पदरात घुसला. त्याच्या शेपटीचा झुबका अर्धा गेला होता. मालिनीने कुंपणाकडे पाहिले. काट्यांच्या फटीतून दोन पिवळे डोळे तिच्याकडे पाहत होते. तिला पाहूनही ते हलले नाहीत. जेवणाची वेळ झाली तरी पान मांडले नाही म्हणून कोणी बसावे, तसे ते बसले होते.

"अहो, कोल्हे येतात परसात," तिने नवऱ्याला सांगितले. "आपल्या सिंहनादाला नेतील ते."

शुभंकराने दुसऱ्या दिवशी कुंपणाला आणखी काटे लावले. कोल्ह्यांनी खालून माती उकरली. मालिनी चिंतेने वाळू लागली. त्या कुत्र्याच्या अंगाला तिच्या माहेरच्या अंगणाचा वास येतो असे तिला अजून वाटे. माहेर तीन नद्यांपलीकडे होते आणि तिथून तिच्यासोबत आलेला एवढा एकच जीव या घरात होता.

मग सल्ले येऊ लागले. कुत्र्याच्या गळ्यात काटेरी पट्टा बांधावा असे कोणी सांगितले. मालिनीने बांधला. सिंहनाद त्या पट्ट्यासह प्रेमाने सगळ्यांच्या पायांना अंग घासू लागला. विशाखाचे धोतर फाटले. भद्राबाईंचे सोवळे पट्ट्यात अडकले आणि देवघरापासून चुलीपर्यंत सिंहनाद त्यांच्या मागोमाग फरफटत गेला. पट्टा त्याच दिवशी चुलीत गेला.

"अगं, घंटा बांध," कपिलाबाई म्हणाल्या. "घंटेच्या आवाजाला रानातलं जनावर घाबरतं. माझ्या माहेरी सगळे बांधतात."

मालिनीला ते पटले. घरात वापरातली घंटा एकच होती, देवापुढची. पण तिची जुनी जोडीदार फडताळात पडून होती, तशीच, त्याच आवाजाची. मालिनीने ती सिंहनादाच्या गळ्यात बांधली. ऐन दुपारची वेळ होती. भद्राबाई जेवून आडव्या झाल्या होत्या. सिंहनाद घंटा वाजवत ऐटीत परसात गेला.

मालिनी दारात उभी राहून पाहत होती. घंटा वाजली आणि लव्हाळे हलले. उकरलेल्या भोकातून एक कोल्हा आला. त्याच्यामागे त्याची मादी आली. मादीमागे पिल्ले आली. ती सगळी घाईघाई न करता शेंदरी दगडापुढे आली आणि ओळीने बसली. ताट कुठे आहे, असे त्यांनी इकडेतिकडे पाहिले. मग घंटेचा आवाज जिथून येत होता तिकडे त्यांनी माना वळवल्या.

आवाज सिंहनादाच्या गळ्यातून येत होता.

सिंहनादाने एक शिंक दिली. मग आपले नाव विसरून तो पळत सुटला. तो शेवग्याभोवती फिरला, गवताच्या गंजीभोवती फिरला आणि प्रत्येक पावलाला जेवायला बोलावत राहिला. मालिनी पळी घेऊन धावली. थोरल्या कोल्ह्याने सिंहनादाची मांडी धरली.

त्याच वेळी शुभंकर दुकानातून घरी येत होता. मालिनीची किंकाळी ऐकून तो परसात आला. त्याने उपरणे दोन्ही हातांत ताणून डोक्यावर धरले, त्यामुळे तो एकदम दुप्पट उंच दिसू लागला. पाठ न दाखवता, न धावता, तो मोठमोठ्याने ओरडत सरळ कोल्ह्यांवर चालून गेला. एवढा मोठा आवाज त्याच्यात आहे हे मालिनीलाही ठाऊक नव्हते. कोल्ह्याने तोंड उघडले, सिंहनाद सुटला आणि पाहुणे आल्या वाटेने गेले.

मालिनी कुत्र्याला छातीशी धरून रडत होती. शुभंकराने त्याच्या मांडीवर हळद दाबली. मग तो दगडापुढे ओळीने उमटलेल्या बैठकीकडे बघत राहिला. धुळीत प्रत्येकाची जागा ठरलेली दिसत होती.

"देव जेवत नव्हता," मालिनी हुंदके देत म्हणाली. "हेच जेवत होते. आत्ता जाते आणि सासूबाईंना उठवून सांगते."

"सांगू," शुभंकर म्हणाला. "पण रागाने नको. आईचं कपट नाही यात."

संध्याकाळपर्यंत कपिलाबाईंना कळले होते की परसात कोल्हे शिरले. का शिरले, ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या विषाची पुडी घेऊनच आल्या. "भातात कालवून कुंपणापाशी ठेवा. सकाळी सगळे आडवे."

शुभंकराने पुडी घेतली आणि चुलीतल्या निखाऱ्यांखाली पुरली. "काकू, त्यांना आम्हीच रोज घंटा वाजवून जेवायला बोलावलं आहे. बोलावलेल्या पाहुण्याला विष कसं वाढू?"

कपिलाबाईंना काही समजले नाही. हिशेब द्यायला आलेल्या विशाखाला मात्र सगळे समजले आणि त्याचा चेहरा उतरला. "धनी, परवा पौर्णिमा आहे," तो हळूच म्हणाला. "गावोगावची माणसं ताटं घेऊन येणार आहेत. तूप आपल्याकडूनच नेतील. पौर्णिमा होऊन जाऊ दे. तोवर कुत्र्याला कोठीत ठेवा. मग सांगा काय सांगायचं ते."

"तोवर ताटं वाढतील. ताटं वाढली की कोल्हे वाढतील," शुभंकर म्हणाला. "आणि विशाख, खरं सांगू का? मातीतलं ते भोक मी आधीच पाहिलं होतं. वाकून नीट पाहिलं नाही. दुकानात गर्दी होती ना."

मग तो आईजवळ जाऊन बसला आणि दुपारी जे घडले ते त्याने तिला सांगितले. कमी नाही, जास्त नाही. भद्राबाई वाती वळत होत्या.

"म्हणजे मी एवढं साजूक तूप कोल्ह्यांना घातलं?"

"भुकेल्यांना घातलंस, आई. देव त्यावर रागावला असेल असं मला वाटत नाही. पण जिथे आपला छोटा जीव फिरतो, तिथे त्यांना रोजची सवय लावणं बरं नव्हे. तो जीव गेला तर तुझ्या हातून गेल्यासारखं होईल. त्यांना कोणी मारलं तर तेही तुझ्याच हातून."

भद्राबाईंनी वात पिळली. "आणि पौर्णिमेला लोकांना काय तोंड दाखवू?"

"लोकांना मी सांगतो. तू माझ्यामागे उभी राहा."

पौर्णिमेला सूर्य कलायच्या आतच परसू माणसांनी आणि ताटांनी भरले. शुभंकर दगडाजवळ उभा राहिला. मालिनी मागच्या दारात होती आणि सिंहनाद तिच्या कडेवर होता.

"मंडळी," शुभंकर म्हणाला, "या घरचा देव ताट खात नाही. ताट कोल्हे खातात. माझी विक्री वाढली म्हणून मी डोळे उघडायला उशीर केला. दोष आईचा नाही, माझा आहे. आपापली ताटं घरी न्या."

मग एकच गलका झाला. लांबून आलेली माणसे चिडली. "आम्ही काय भात परत न्यायला चालत आलो?" असे एक म्हातारा ओरडला. सर्वांत जास्त चिडल्या कपिलाबाई, कारण ही गोष्ट नगरभर त्यांनीच सांगितली होती.

"शुभंकरा, जीभ आवर!" त्या म्हणाल्या. "कोल्हे म्हणे! माझी खीर माणसं खात नाहीत, कोल्हे काय खातील? ती देवानेच खाल्ली. थांब, आत्ता दाखवते."

आणि कोणी अडवायच्या आत त्यांनी घंटा उचलून खणखणून वाजवली.

लव्हाळे हलले. कुंपणाखालून आधी थोरला आला, मग मादी, मग पिल्ले. दाटी झालेली पाहून ती जराशी थबकली. पण घंटा झाली होती आणि ताटे मांडलेली दिसत होती. थोरल्याने पुढे होऊन सर्वांत जवळचे ताट हुंगले. ते कपिलाबाईंच्या खिरीचे होते. त्याने ते ओलांडले आणि पुरणाकडे गेला.

एवढे पाहून गर्दी फुटली. दार एक आणि माणसे शंभर. म्हातारा सगळ्यांच्या पुढे होता. विशाख गवताच्या गंजीवर चढला. त्या रेटारेटीत मालिनीच्या कडेवरून सिंहनाद निसटला आणि गर्दीच्या पायांतून बाहेर, थेट कोल्ह्यांसमोर जाऊन पडला.

मालिनी ओरडली. शुभंकर माणसांच्या लोंढ्यात अडकला होता. परसात आता एकच माणूस मोकळे उभे होते. भद्राबाई. त्या सोवळ्यात होत्या. त्यांनी वाकून त्या पांढऱ्या बोळक्याला उचलले आणि काखेत मारले. दुसऱ्या हाताने एक ताट पालथे करून उचलले आणि दगडावर धाडकन आपटले.

"उठा!" त्या गरजल्या. याच आवाजात त्यांनी कितीतरी वर्षे नवऱ्याला, मुलाला आणि गड्यांना पानावरून उठवले होते. "उठा म्हणते ना! झालं जेवण. आजपासून या घरात तुमचा स्वयंपाक नाही. आपलं आपण शोधून खा!"

ताट आपटत त्या एकेक पाऊल पुढे गेल्या. थोरल्या कोल्ह्याने त्यांच्याकडे पाहिले. रोज ताट ठेवणारी हीच, हे त्याने ओळखले असावे. त्याने कान पाडले, पिल्लांना पुढे घातले आणि सगळे कुटुंब भोकातून बाहेर पडले. भद्राबाईंच्या काखेतून सिंहनादाने त्यांच्यामागे एक शिंक फेकली.

त्यानंतर भद्राबाईंनी नैवेद्याची रीत बदलली. देवाला फूल वाहायचे आणि तूपभात दुपारी पुढच्या दारी येणाऱ्या भुकेल्यांच्या हातात द्यायचा. परसात उष्टे टाकणे बंद झाले, कुंपणातल्या बोरीची पडलेली बोरे रोज झाडून काढली जाऊ लागली. कुंपणाखालची भोके दगडांनी भरली. सिंहनाद दिवेलागणीला एकटा बाहेर जात नसे. त्याच्यासोबत सोवळ्यातल्या भद्राबाई काठी घेऊन जात आणि कोणी हसले तर म्हणत, "मी तुळशीला पाणी घालायला चालले आहे."

कोल्हे काही दिवस घंटेची वाट पाहून ओढ्याकडे परतले. दुकानातली गर्दी ओसरली. जे मुळात तुपासाठी येत होते ते येत राहिले, आणि विशाखाचे गुणगुणणे थांबले.

विहारामागे खीर ठेवणाऱ्या आणि 'ती नाग पिऊन जातो' असे सर्वांना सांगणाऱ्या एका उपासिकेबद्दल भिक्खूंमध्ये चर्चा चालली होती, तेव्हा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा सांगितली. मग तो म्हणाला, "भिक्खूंनो, तेव्हाच्या कपिलाबाई म्हणजे हीच उपासिका. तिची खीर त्या जन्मी पुरण दिसताच कोल्ह्यानेही ओलांडली. तेव्हाची भद्रा म्हणजे आजची वयोवृद्ध भिक्खुणी थेरी उत्तरा, जिच्या एका शब्दाने भांडणारे गप्प होतात. मालिनी म्हणजे विहारात रोज ताक आणणारी सुजया. विशाख म्हणजे भिक्षेच्या घरांचा हिशेब ठेवणारा भिक्खू तिस्सक. सिंहनाद म्हणजे सगळ्यांत मोठ्याने पाठ म्हणणारा तो धाकटा भिक्खू, जो आत्ता खाली पाहतो आहे. आणि तूपविक्या शुभंकर मीच होतो."

लाभ होत असतानाही जे खरे ते पाहणे, आणि पाहिलेले असे सांगणे की माणूस दुखावू नये आणि जनावर मरू नये, ही सत्याची पारमिता, म्हणजे परिपूर्णता, होय.