समोरचं दुकान

राजतांबट त्र्यंबकशेठच्या पोटात वर्षभर दुखत होतं, आणि त्यावर औषध एकच होतं: कोंडाबाईची शाळा बंद पडणं. राजाने गावातली अनाथ, उनाड पोरं तिच्या हवाली करून त्यांना भांडी घडवायला शिकव म्हणून सांगितलं होतं. त्या पोरांच्या हातोड्यांचा ठेका कानावर आला की शेठच्या हाताचा ठेका चुकायचा.

वर्ष सरलं. "पोरं खरंच काही शिकली का?" असं राजाने भर दरबारात विचारलं, तसा शेठ ताडकन उठला.

"कसली शिकतात, महाराज! यांच्या हंड्यात पाणीसुद्धा ठरत नाही. मोडा ती शाळा!"

कोंडाबाई हात जोडून म्हणाली, "शेठ जाणकार आहेत, त्यांचंच खरं धरू. शाळा मोडा, महाराज, आणि पोरांना शेठच्या दुकानासमोरच दुकान काढून द्या. यांचे गळके हंडे बघून सगळं गाव शेठकडेच वळेल."

"समोर नको!" शेठ किंचाळला. "माझं एक गिऱ्हाईक उरायचं नाही!"

दरबारात खसखस पिकली. राजा म्हणाला, "झाली परीक्षा, शाळा चालू राहील. शेठ, पोरांना एवढा चांगला दाखला आम्हालाही देता आला नसता."