भिंतीवरचं अंजीर

“...म्हणजे माई हेरंबला मठाबाहेर काढणार?”

“काढणार म्हणजे, आजच. त्या झाडापायीच तर...”

एवढ्यात गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून निघालं.

शेवंताकाकूंनी पुढे रांगेत बोलणाऱ्या त्या दोघींच्या ओठांवरून काही उमगतंय का ते पाहिलं. उमगलं नाही. मग डबा तिथेच रांगेत ठेवला आणि तरातरा घर गाठलं.

त्यांचं परस आणि सगुणामाईंचा मठ, दोन्हींत भिंत एकच. भिंतीशी धुण्याचा दगड. दगडावर पाट ठेवून उभं राहिलं की मठाचं अंगण ताटात वाढल्यासारखं समोर. पाट कशाला हवा, असं काकूंना घरात आता कुणी विचारत नसे.

हेरंब हा माईंचा शिष्य. पूर्वी सांगलीला नकाशे काढायचा. नोकरी सोडून इथे आला तो अनुग्रह मागायला. माई म्हणाल्या होत्या, भिंतीशी एक अंजीर लाव. अंगण अरुंद आहे, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट तेवढी अडू देऊ नकोस. झाड मार्गी लागलं की अनुग्रहाचं बघू.

मग त्याने जे केलं ते बघायला लोक लांबून येत. भिंतीत खिळे ठोकून तारा ताणल्या. फांद्या कोवळ्या असतानाच जुन्या धोतराच्या चिंध्यांनी तारांना बांधल्या. झाड भिंतीवर दीपमाळेसारखं उभं राहिलं. डावीकडे जेवढी फांदी, तेवढीच उजवीकडे. नवा कोंब वीतभर सरकला की कात्री. ती कात्री कायम त्याच्या कंबरेला. घरधनिणीच्या कंबरेला किल्ल्या असतात तशी, असं काकू म्हणायच्या.

झाड देखणं होतं, खोटं कशाला बोला.

काकू पाटावर चढल्या तेव्हा माई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. हेरंब हात जोडून पुढ्यात उभा.

“माई, आता काय राहिलं?”

हेरंबने झाडाकडे बोट केलं.

“एक पान रेषेबाहेर नाही. कुठे चुकलं ते तरी सांगा.”

“चुकलं कुठेच नाही.”

“मग अनुग्रह?”

माई बोळक्या तोंडाने हसल्या. “याला अंजीर कधी लागलं रे?”

“फळाची झाडं गावात पुष्कळ आहेत, माई. असं दुसरं दाखवा.”

काकूंनी हसू आवरायला पदर तोंडाशी नेला. माईंनी मान न वळवताच विचारलं,

“शेवंते, चढलीच आहेस पाटावर तर सांग. रोज वाटीतून पाठवतेस ती अंजिरं कुठली?”

पाट डगमगला. इतके दिवस माईंनी विचारलं नव्हतं, म्हणून काकूंनीही सांगितलं नव्हतं.

“...तुमचीच, माई. मोरीतून आलंय. मूळ तुमच्याकडेच आहे.”

भिंतीच्या बुडाशी पावसाचं पाणी जायला एक मोरी होती. हेरंबची कात्री चुकवून झाडाची एक फांदी तिच्यातून पलीकडे निसटली होती आणि काकूंच्या धुण्याच्या पाण्यावर माजली होती. वेडीवाकडी, लोळत, वाटेल तिकडे. काकू तिच्यावर ओली फडकी वाळत घालायच्या. फडक्यांखाली अंजिरंच अंजिरं.

हेरंबने वाकून मोरीत पाहिलं. उठला तेव्हा चेहरा उतरलेला. हात मात्र आपसूक कंबरेला गेला.

“आत्ता काढतो, माई. मोरीपाशीच कापतो. इकडचा सगळा जोर तीच ओढून घेत असणार.”

“हेरंबा, अरे...” काकूंच्या तोंडून एवढंच निघालं.

माईंनी हात पुढे केला. त्यांना उठायला आधार हवा असेल असं वाटून हेरंबने आपला हात दिला. माईंनी तो बाजूला सारला, त्याच्या कंबरेची कात्री काढून घेतली, आपल्या बसकराखाली सरकवली आणि वर नीट मांडी घालून बसल्या.

मग शेजारची टोपली पायाने त्याच्याकडे लोटली.

“जा, मठाबाहेर जा.”

काकूंना वाटलं, म्हणजे गिरणीतल्या बायकांचं खरंच होतं तर. आणि पोरगा वाईट नव्हता हो, एकदा पुरात त्यांची शेळी याच पोराने खांद्यावर घालून आणली होती.

हेरंबने टोपलीकडे पाहिलं. “कुठे जाऊ, माई?”

“शेवंताच्या परसात.”

तो उभाच राहिला. एकदा झाडाकडे बघितलं, एकदा रिकाम्या कंबरेकडे. मग टोपली उचलली आणि दाराकडे निघाला.

गिरणीतली बातमी खरी निघाली, पण भिंतीच्या जाडीएवढीच. काकूंनी घाईने पाट उतरवला, फडकी गोळा केली आणि परसाचं दार उघडून धरलं. आत गेल्यावर चहाचं आधणही ठेवलं.

हेरंब त्या पसाऱ्यात ओणवा झाला. हात कुठे घालावा ते त्याला कळेना. इथे डावं नव्हतं, उजवं नव्हतं. समोर दिसलं ते पहिलं अंजीर त्याने तोडलं. ते टणक होतं. देठातून पांढरा चीक आला आणि बोटं एकमेकांना चिकटली.

ती बोटं तशीच धरून त्याने भिंतीवरून हाक दिली,

“माई, आणि अनुग्रह?”

पलीकडून माईंचा आवाज आला,

“मला दात नाहीत रे, हेरंबा. पिकलेलीच आण.”