हलका झालेला खल

एका राज्यात निंबाजी नावाचा वैद्य राहत होता. त्याने राजाचा जुना ताप उतरवला, तेव्हा राजाने खूश होऊन मेलेल्या मांत्रिकाच्या खजिन्यातला करड्या चकाकीच्या धातूचा खल त्याला बक्षीस दिला. खल इतका जड, की दोन सेवकांनी धापा टाकत घरी आणला. राजाचेच दान ते. निंबाजीने आपला दगडी खल परसात नेऊन ठेवला.

पुढे राजकन्या सुकेशीला खोकला झाला. निंबाजीने अडुळसा खलून चाटण दिले. खोकला थोडा उतरला, पण पोटात कळा उठल्या. पोर पांढरीफटक पडली, हिरड्यांवर निळी रेघ उमटली. निंबाजीला काही उमजेना. पाला तोच, हात तोच, मग गुण उलटा का?

वाटले, पालाच बाटला. सात डोंगर ओलांडून त्याने कोवळा अडुळसा आणला. कळा वाढल्या. वाटले, पाणी बाटले. झऱ्यावरच्या नागाची परवानगी घेऊन त्याने पाणी आणले. कळा आणखी वाढल्या. वाटले, मध बाटला. कड्यावर चढून मध आणला, ताजे चाटण खलले. सुकेशीने डोळे मिटले ते उघडेनात. प्रत्येक चाटण निंबाजी आधी स्वतः चाखत असे. आता त्याचेही मनगट लुळे पडले होते.

तरी खल काखेत मारून तो महालात गेला. राजकन्येच्या उशाशी राघू पेरू खात बसला होता.

"वैद्यबुवा, खल कोणी आणला?" राघूने विचारले.

"मीच."

"एकट्याने? त्या हाताने? दोघांचे ओझे होते ना ते. उरलेले कुठे गेले?"

निंबाजीने खलात पाहिले. तळ वीतभर खोल गेला होता. मग त्याने सुकेशीच्या पोटाकडे पाहिले.

तसाच खल घेऊन तो दरबारात गेला.

"महाराज, विष मी दिले. आपल्या दानात खलून दिले."

"संशय आला नाही?"

"राजाच्या दानावर संशय घ्यावा, हे मला कोणी शिकवले नव्हते."

राजाने खल हातात घेऊन तळ पाहिला. मग म्हणाला, "दान आधी पारखावे, हे मलाही कोणी शिकवले नव्हते."

खल मांत्रिकाच्या भुयारात पुरला, तेव्हा जमिनीतून एक उसासा ऐकू आला. चाटण बंद झाले. नवव्या दिवशी सुकेशीने डोळे उघडले आणि राघूच्या चोचीतला पेरू मागितला. निंबाजीचे मनगट मात्र वर्षाने उठले.

दगडी खल परसातून पुन्हा आत आला. निंबाजी दर अमावास्येला तो उचलून पाहतो. होता तेवढाच भरतो, तेव्हा कुठे तो पाला खुडायला जातो.