बारा वाजवणारा पोपट

फार पूर्वी, सातासमुद्रापलीकडच्या एका नगरात, सरदाराच्या मेजावर सोन्याचा मुलामा दिलेलं एक घड्याळ होतं. शेजारच्या पिंजऱ्यात फेरू नावाचा पोपट राहायचा. घड्याळाने बाराचे टोले दिले की सरदाराचं जेवण यायचं आणि फेरूला द्राक्षं मिळायची.

फेरूने टोल्यांची हुबेहूब नक्कल शिकून घेतली. मग काय, त्याला भूक लागली की बारा वाजू लागले. आचारी अर्धकच्चं मटण घेऊन धावायचा, सरदार अंघोळ सोडून ओलाच यायचा. शेवटी तो वैतागला. "या घड्याळाला वेड लागलंय. वितळवून टाका."

घड्याळ घडवणारा म्हातारा मातेओ धावत आला. त्याने घड्याळातली टोल्यांची हातोडी फडक्यात गुंडाळली आणि तो वाट बघत उभा राहिला. थोड्याच वेळात पिंजऱ्यातून बारा वाजले. मातेओ मिशीत हसला.

"सरकार, टोल्यांचं काम आता यालाच द्या. काटा बघून दर तासाला अचूक वाजवले, तरच द्राक्षं."

फेरूची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्याची मान लुळी पडली होती. तो म्हणाला, "घड्याळबुवा, तुम्ही झोपता तरी कधी?"

"मला झोप लागू नये म्हणूनच मातेओने माझ्या चाकांचा एकेक दात कानशीने घासलाय," घड्याळ म्हणालं. "तुला किती दात आहेत?"

फेरूने जिभेने चोच चाचपून पाहिली. तेवढ्यात काटा पुढच्या आकड्यावर आला, आणि त्याला पुन्हा ओरडावं लागलं.