वसुलेचा वाटा

पूर्वी गोदेच्या तीरावर भद्रसेन राजाचा अंमल होता, तेव्हा बोधिसत्त्व सुगंधी तेले काढणाऱ्या एका माणसाच्या घरी धाकटा मुलगा म्हणून जन्मला. त्याचे नाव सोमिल. मरणापूर्वी बापाने मोगऱ्याच्या बागेच्या किल्ल्या थोरल्या कंदरकाच्या हाती दिल्या आणि सोमिलादेखत, मजुरांदेखत सांगितले, "सोमिल तेलाची विद्या शिकून येईपर्यंत सांभाळ. मग तिघांना सारखे वाटून दे. वसुलेलाही."

सहा वर्षांनी सोमिल परतला. मधली बहीण वसुला विधवा होऊन माहेरी आली होती आणि बापाच्याच बागेत रोजाने फुले खुडत होती.

"दादा, वाटणी कधी?" सोमिलाने विचारले.

"ते मी ठरवीन," कंदरक म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "अर्धी बाग तू आजच घे. फक्त पंचांपुढे एवढेच सांग, की बाबांनी वसुलेचे नाव घेतले नव्हते."

"ते नाव मी या कानांनी ऐकले आहे. सगळी बाग दिलीस तरी खोटे बोलणार नाही."

तंटा पंचांपुढे गेला. पंच कंदरकाचे मिंधे होते. ते म्हणाले, "किल्ल्या ज्याच्या हाती, निर्णय त्याचा." मजूर माना खाली घालून उभे राहिले.

"मग माझेही ऐका," सोमिल म्हणाला. "ताईचा वाटा मिळेपर्यंत या बागेतल्या एका फुलाचेही तेल मी काढणार नाही."

राजवाड्याच्या वसंतोत्सवासाठी तेल द्यायचे कंदरकाने धाकट्याच्या भरवशावर कबूल केले होते. तो ओरडला, "उपाशी मरशील!"

"मरेन. पण तुझ्यापुढे हात पसरणार नाही."

सोमिल एका कुंभाराकडे माती तुडवू लागला. वसुला त्याला भेटायला आली. "माझ्यापायी हे हाल कशाला? घे ती अर्धी बाग."

"ताई, तू मागायचे सोडलेस, तरी मी सोडणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून तीही फुले खुडायला गेली नाही.

उत्सव आला, तेल आले नाही. राजाने तिघांना बोलावले. सोमिलाने घडले ते सांगितले. तेव्हा त्यांच्या मागोमाग आलेली बागेतली एक म्हातारी माळीण पुढे झाली. "महाराज, मालकांचे शब्द मीही ऐकले होते. पंचांपुढे भ्याले. आता नाही भीत."

राजाने कंदरकाकडून किल्ल्या घेऊन सोमिलापुढे धरल्या. "यापुढे कारभार तू कर."

सोमिलाने हात मागे घेतला. "कारभार नको, महाराज. वाटणी हवी. आणि दादाच्या वाट्यातले वीतभरही कमी होऊ नये."

हे ऐकून कंदरकाला भावाकडे वर पाहवेना. बागेत दोन बांध पडले, आणि पहिला वाटा वसुलेने निवडला.

एवढी पूर्वजन्मीची गोष्ट सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, संघाची चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, कोठारात अडवून ठेवणारा हा भिक्षू तेव्हा कंदरक होता. त्याच्याविरुद्ध आज उभी राहिलेली ही भिक्षुणी तेव्हाची माळीण, आणि दाराशी बसलेली ही उपासिका वसुला. सोमिल मी होतो. अर्धी बाग समोर असताना जिच्या बळावर मी नाही म्हणालो, ती सत्यपारमिता, सत्यावर अढळ राहण्याची पूर्णता."