घरंदाज सुनेची तपासणी

"अशा घरच्या सुनेला ती तपासणी सांगायची तरी कोणत्या तोंडानं, बाबा?"

आनेराजबाबा मठाच्या ओसरीवर बसून डॉक्टरबाईंचं बोलणं ऐकत होते.

डॉक्टर पांगारकरबाईंचं तालुक्यात मोठं नाव होतं, आणि ते मोठं आहे हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. आज मात्र त्यांचा आवाज चढता चढता बसत होता. मालगुजारांची सून देवयानी पहिलटकरीण, बाळंतपणासाठी त्यांच्याकडेच यायची. गरोदर बाईला गरमीचा रोग, म्हणजे सिफिलिस, आहे का, हे थोडं रक्त तपासलं की कळतं. असला तर इंजेक्शननं बरा होतो, बाळही वाचतं. गरीब वस्तीवरच्या झाडून सगळ्या बायकांना बाई ही तपासणी सांगत. देवयानीला सांगितली नाही. एवढं घरंदाज घर, तिथं नवऱ्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं.

बाळ मेलेलंच जन्मलं. मग तपासलं, तेव्हा रोग निघाला. नवऱ्याकडूनच आलेला.

"माझं काय चुकलं, असं तिनं मला विचारलं..." ते विचारणं बाईंच्या काळजात रुतून बसलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "पण मी तपासणी सांगितली असती, तर त्यांना राग आला असता. ती पुन्हा माझ्या दवाखान्याची पायरी चढली नसती."

बाबांना खोकल्याची उबळ आली. बाईंनी लगबगीनं आपली पाण्याची बाटली पुढं केली.

बाबांनी तांब्यावर फडकं धरलं आणि ते पाणी सावकाश गाळायला घेतलं. पाणी गाळून प्यायचा मठाचा नेम बाईंना ठाऊक होता. तरी त्यांना ते लागलं.

"माझ्या घरचं पाणी आहे, बाबा."

"असेल."

बाबा गाळतच राहिले. फडक्यावर काहीसुद्धा आलं नाही. मग ते घोटभर प्यायले.

"राग आला?"

"आला." खोटं बोलायचं त्राण बाईंत उरलं नव्हतं.

"मग आता मठात येणार नाहीस."

"असं कसं? एवढ्यावरून कुणी येणं सोडतं का..."

बाबांनी फडकं पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं.

"तीही आली असती, पोरी."