फांदीवरची गाठ

फार पूर्वी नदीकाठच्या एका बाभळीवरचे सुगरण पक्षी घारीकरिता घरटी विणून पोट भरीत. सापाला अडवणाऱ्या काटेरी कुंपणासाठी प्रत्येकाने रोज एक काडी कर द्यावा, असा नियम होता.

घार कर गोळा करणाऱ्या कारभारी कावळ्याला म्हणाली, "मला कर माफ करा, मी आणखी घरटी विणवून घेईन."

माफी मिळताच तिने सारे काम स्वस्तात पैलतीरीच्या पक्ष्यांना दिले. बेकार झालेला एक सुगरण आपल्याच घरट्यातील काड्या करापोटी देऊ लागला. अखेर पिल्लांखालचा तळ आणि तो पेलणारी फांदीवरची गाठ तेवढी उरली.

"कारभारी, ही सोडली तर पिल्ले नदीत पडतील."

"नियम सर्वांना सारखा," कावळा म्हणाला.

"घारबाईंनाही?"

"थोरांविषयी जपून बोलावे!" असे बजावून कावळ्याने गाठ ओढली.

पाण्याचा आवाज ऐकून घार वरून म्हणाली, "पाहिलेत? इथल्या विणीत आता पूर्वीचा टिकाऊपणा राहिला नाही."